नव्वदीतला मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसांसाठी आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहेत. साठी-सत्तरीतल्यांना दिला जाणारा सल्ला या वयात जसाच्या तसा लागू पडत नाही, काही बाबतीत तर तो उलटा पडतो. म्हणून इथे फक्त या वयाचंच बोललं आहे.

नव्वदी गाठली की स्मृतिभ्रंश व्हायचाच ना?

धोका खूप वाढतो हे खरं. कॅलिफोर्नियात २००३ पासून चाललेल्या 'नाइन्टी प्लस' अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ९० ते ९४ वयोगटात दर वर्षी शंभरातल्या साधारण १३ जणांना तो नव्याने झाला, ९५ ते ९९ मध्ये २१ जणांना आणि शंभरी ओलांडलेल्यांत जवळजवळ ४१ जणांना. म्हणजे नव्वदीनंतरही धोका साधारण दर पाच-साडेपाच वर्षांनी दुप्पट होत राहतो.

पण हेच आकडे उलट्या बाजूनेही वाचा. ९२ वर्षांच्या, डोकं शाबूत असलेल्या माणसाला पुढच्या वर्षभरात स्मृतिभ्रंश न होण्याचीच शक्यता कितीतरी जास्त असते. नेदरलंड्समधल्या हेंड्रिक्ये फान आंदेल-स्खिपर यांची ११२ आणि ११३ व्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा त्यांची कामगिरी साठ-पंच्याहत्तरीतल्या सरासरी माणसापेक्षा सरस होती. २००५ साली ११५ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांनी देहदान केलं होतं. मेंदू तपासला तेव्हा अल्झायमरच्या खुणा जवळजवळ सापडल्याच नाहीत. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तरी एवढं नक्की की 'वय झालं' हे कुठल्याही लक्षणाचं निदान होऊ शकत नाही. कारण शोधावंच लागतं, आणि ते शोधलं तर बऱ्याचदा काहीतरी दुरुस्त करण्याजोगं हाती लागतं.

वयाने नेमकं काय मंदावतं?

वेग. माहिती आत घ्यायला, शोधून काढायला आणि उत्तर द्यायला वेळ लागतो. नावं जिभेवर येऊन अडतात. दोन कामं एकाच वेळी झेपत नाहीत, चालता चालता बोलायला लागलं की पाऊल थांबतं. स्मृतीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग उतारवयात दर वर्षी साधारण एक-दोन टक्क्यांनी आकसतो. शब्दसंपत्ती, भाषेची जाण, आयुष्यभराच्या कामातलं ज्ञान आणि माणसं ओळखण्याची नजर मात्र खूप उशिरापर्यंत टिकते.

यावरून एक छोटी गोष्ट आजपासून करता येईल. प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा आणि तोवर गप्प राहा. घरातली माणसं तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात. त्यामुळे जुळत आलेलं उत्तर मोडतं आणि म्हाताऱ्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग 'यांना काही कळत नाही' असा शिक्का बसतो.

नेहमीचं विसरणं आणि आजार यांत फरक कसा ओळखायचा?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणं नेहमीचं. आपण चष्मा वापरतो हेच विसरणं काळजीचं. थोडी आठवण करून दिल्यावर प्रसंग आठवला तर बरं लक्षण. सकाळी अर्धा तास गप्पा मारून गेलेल्या पाहुण्याचं संध्याकाळी सगळं सांगूनही काहीच आठवत नसेल, तर तपासणी हवी.

आम्ही घरच्यांना एक काम करायला सांगतो: वर्षभरापूर्वी ते स्वतः करत होते आणि आता करत नाहीत, अशा गोष्टी कागदावर लिहून काढा. फोन लावणं, पैसे मोजणं, औषधं वेळेवर घेणं, कपडे ओळीने घालणं, गॅस बंद करणं. प्रत्येकीपुढे कारण लिहा: गुडघे, डोळे, कान की डोकं? 'फोन लावत नाहीत' याचं कारण आकडे दिसत नाहीत हे निघालं, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. पंच्याऐंशीपुढे ही विभागणी फार महत्त्वाची, कारण चार अवयव एकाच वेळी थकलेले असतात. हा कागद डॉक्टरांसाठी कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी ठरतो.

कालपर्यंत ठीक होते. आज आम्हाला ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात. स्मृतिभ्रंश एवढ्या झपाट्याने वाढतो का?

सहसा नाही. तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवलेला मेंदूचा गोंधळ, धरून चालायचं. ही तातडीची वैद्यकीय स्थिती आहे. 'सकाळी दाखवू' म्हणत थांबू नका. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, शब्दच न फुटणं यांतलं काही सोबत असेल तर तो पक्षाघात समजा आणि थेट रुग्णालय गाठा.

डिलिरियमची खूण म्हणजे लक्ष न टिकणं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: शनिवार, शुक्रवार, गुरुवार... सौम्य स्मृतिभ्रंश असलेला माणूस हे बहुधा हळूहळू करतो. डिलिरियममध्ये दोन वार झाले की नजर भिंतीवर जाते, किंवा काय विचारलं होतं हेच निसटतं. दुसरी खूण चढउताराची. सकाळी बरे, दुपारी बरळतात, रात्री पुन्हा थोडे शुद्धीवर.

सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार शांत डिलिरियम. आरडाओरडा नाही, नळ्या ओढणं नाही. माणूस पडून असतो, घास तोंडात धरून बसतो, विचारलं तर 'हं' म्हणतो. घरच्यांना वाटतं, दमलेत, झोपू द्या. हाच प्रकार जास्त आढळतो आणि हाच निसटतो.

मागे काय असू शकतं, ते या क्रमाने बघा. गेल्या दोन आठवड्यांत कुठलं औषध नवं सुरू झालं, वाढलं किंवा अचानक बंद झालं? ताप आहे का, खोकला आहे का? न्यूमोनियात या वयात ताप येतोच असं नाही, कधी कधी नुसता श्वास जलद होतो. लघवी शेवटची कधी झाली? ओटीपोट फुगलं असेल तर मूत्राशय तुंबलेलं असू शकतं. शौचाला किती दिवस झालेले नाहीत? पाणी किती गेलं पोटात? साखर किती? कुठे दुखतंय का? ठणकणारा मणका किंवा खुब्याचं हाड शब्दांत सांगता येत नाही, ते चिडचिडीतून बाहेर येतं.

लघवीत जंतू सापडले, म्हणजे कारण मिळालं ना?

दर वेळी नाही. खूप वृद्ध माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत कुठलाही त्रास नसताना जंतू सापडतात. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं यांतलं काहीच नसेल, तर नुसत्या अहवालावरून प्रतिजैविक सुरू करून थांबलं की खरं कारण मागे राहतं. हे वारंवार घडतं, म्हणून वेगळं लिहिलं.

रुग्णालयात ठेवावं लागणार आहे. डोकं बिघडू नये म्हणून काय करायचं?

इथे घरच्यांच्या हातात खूप काही आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांपैकी निम्म्यांवर साधे उपाय करून पाहिले: आपण कुठे आहोत, आज वार कोणता याचं भान देत राहणं, झोप, चालवणं, चष्मा, श्रवणयंत्र, पाणी. डिलिरियम १५ टक्क्यांवरून साधारण १० टक्क्यांवर आला. हे उपाय औषधाविना होते.

चष्मा, श्रवणयंत्र, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि कवळी पहिल्याच दिवशी न्या. शस्त्रक्रियेआधी काढून घेतलेल्या या वस्तू शुद्धीवर येताच परत घाला. माणूस जागा झाल्यावर छत अस्पष्ट दिसतं, आवाज पुसट येतात, तोंडात दात नसतात. अशा वेळी कुणाचंही भान सुटेल. मोठं घड्याळ आणि तारीख समोर दिसू द्या. खाट शक्यतो खिडकीजवळ मागा. दिवसा तीन वेळा उठवून खुर्चीत बसवा, जेवण खुर्चीतच. लघवीची नळी घातली असेल तर रोज विचारा, 'ही अजून का आहे?' नळीमुळे संसर्ग होतो आणि माणूस खाटेला बांधला जातो. रात्री दहा ते पहाटे पाच तपासणीसाठी उठवणं टाळता येईल का, हेही परिचारिकांना विचारा. रात्री सोबतीला ओळखीचं माणूस हवं, आणि दर थोड्या वेळाने नवा चेहरा नको.

बरं झाल्यावरही डोकं ताळ्यावर यायला आठवडे, कधी महिने लागतात. घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात स्मृतीची चाचणी करून कायमचं निदान चिकटवू देऊ नका.

औषधांमुळे डोकं बिघडतं म्हणतात. कोणत्या?

घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, डोळ्यांचे थेंब आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं सगळं एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवा. यादी लिहून नेऊ नका. यादीत सर्दीची गोळी कधीच नसते, आणि बऱ्याचदा तीच निघते.

मेंदूत अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लक्ष आणि स्मृतीसाठी लागतं. त्याला अडवणारी औषधं या वयात सर्वांत घातक. सर्दी, खाज आणि झोपेसाठी घेतली जाणारी क्लोरफेनिरामीन, डायफेनहायड्रामीन, हायड्रॉक्सिझीन आणि प्रोमेथाझीन. वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनीन आणि टोल्टेरोडीन. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीची अॅमिट्रिप्टिलीन. हात थरथरण्यासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेक गोळी सौम्य वाटते, परिणाम बेरजेचा होतो. तोंड कोरडं पडणं, शौचाला खडा होणं, लघवी अडकणं आणि डोकं जड होणं ही चार लक्षणं सोबत आली की यांतलंच कुणीतरी असतं. वृद्धांनी टाळायच्या औषधांची 'बीअर्स' यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. डॉक्टरांना तिच्याबद्दल मोकळेपणाने विचारा.

एक साखळी नीट पाहा, कारण ती नेहमी दिसते. स्मृतीसाठी डोनेपेझिल सुरू झालं. त्याने लघवीची घाई वाढली. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनीन आलं, त्याने डोनेपेझिलचं काम खोडलं आणि स्मृती आणखी घसरली. मग 'आजार वाढला' म्हणून डोनेपेझिलचा डोस दुप्पट. कुठलंही नवं औषध लिहून मिळालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे लक्षण आधीच्या एखाद्या औषधाचं तर नाही?

झोपेची गोळी वीस वर्षं चालू आहे. बंद करू का?

एकदम अजिबात नाही. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, डायझेपॅम या जातीची औषधं अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, डिलिरियमही होतो. डॉक्टरांशी ठरवून दर दोन आठवड्यांनी डोस साधारण पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी उतरवायचा. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश, इतकी वर्षं घेतलेली असेल तर त्याला महिने लागले तरी चालतील. मध्येच झोप उडाली तर त्याच पायरीवर थांबा, मागे जाऊ नका. हे कष्ट घेण्याजोगे आहेत: या वयात डायझेपॅमचा अंश शरीरात कित्येक दिवस राहतो, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाण्याचं ते एक मोठं कारण असतं.

ऐकू कमी येतं, पण त्याचा मेंदूशी काय संबंध?

फार जवळचा. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यात मेंदूची सगळी शक्ती खर्ची पडते, ते लक्षात ठेवायला काही उरत नाही. मग माणूस गप्पांतून उठून जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अचीव्ह' चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच जास्त धोका होता, त्यांच्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. पंच्याऐंशीपुढचा माणूस या दुसऱ्या गटाच्या जवळचा.

आधी कानातला मळ तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. यंत्र घेतलं तर पहिल्या आठवड्यात दिवसाला तासभर, तेही शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. दर आठवड्याला वेळ वाढवत न्या. बहुतेक यंत्रं कपाटात जातात, कारण पहिल्याच दिवशी दहा माणसांच्या गोंगाटात ती घातली जातात. बोटं थरथरत असतील तर बारीक बॅटरीपेक्षा चार्ज होणारं घ्या. आणि ओरडू नका: ओरडण्याने आवाज फाटतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, छोटी वाक्यं जरा खालच्या पट्टीत बोला.

मोतीबिंदूलाही हेच लागू. 'आता या वयात कशाला' म्हणून टाळू नका. शस्त्रक्रिया भूल देऊन पूर्ण झोपवण्याची सहसा नसते.

बीपी किती असावं?

मध्यमवयातलं वाढलेलं बीपी मेंदूला मारक असतं. नव्वदीत चित्र गुंतागुंतीचं होतं. ऐंशीपुढच्यांसाठीच्या 'हायव्हेट' चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ साली आले, १५०/८० हे लक्ष्य ठेवून उपचार केल्यावर मृत्यू आणि हृदय निकामी होणं कमी झालं. दुसरीकडे 'नाइन्टी प्लस' अभ्यासात ज्यांचं बीपी ऐंशीनंतर नव्याने वाढलं, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी आढळला. म्हणजे या वयात बीपी फार खाली नेण्याची घाई करू नये. थकलेल्या, पडणाऱ्या माणसासाठी आकडा डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून ठरवावा.

त्यासाठी उभं राहिल्यावरचं बीपी लागतं, आणि ते फार क्वचित घेतलं जातं. पाच मिनिटं आडवं झोपवा आणि मोजा. उभं करा, आधार द्या, एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहताना मेंदूला रक्त कमी पडतंय. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर तासाभराने, असं दोन्ही वेळा मोजा. हे आकडे दाखवल्याशिवाय बीपीची गोळी वाढवू देऊ नका.

आणि साखर?

या वयात साखर कमी होणं हे जास्त होण्याइतकंच, मेंदूच्या बाबतीत बहुधा जास्तच, भयंकर. थकलेल्या नव्वदीतल्या माणसाचं एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ वर ठेवण्यात शहाणपण नाही. ८ च्या आसपास चालतं. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण अर्धवट टाकलं की डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. घाम आणि थरथर ही नेहमीची लक्षणं त्यांच्यात दिसतीलच असं नाही. आधी वागणं बदलतं.

रक्ताच्या कोणत्या तपासण्या मागायच्या?

सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, साखर, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी).

सोडियम १३५ ते १४५ असावं. १३० च्या खाली उतरलं की गोंधळ, डोलत चालणं आणि पडणं सुरू होतं. बीपीसाठी दिलेली थायझाइड जातीची लघवी वाढवणारी गोळी आणि नैराश्यावरची काही औषधं ही नेहमीची कारणं. बी-१२ दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३५० मध्ये असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासून खात्री करता येते. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत हे खूप दिसतं. रोज १,००० मायक्रोग्रॅम तोंडाने घेऊनही पातळी भरून येते. लक्षणं गंभीर असतील तर इंजेक्शन.

टीएसएच पाच ते नऊच्या दरम्यान आलं की लगेच थायरॉइडची गोळी सुरू केली जाते. ऐंशीपुढे एवढी वाढ वयाला धरून असते आणि गोळीने बुद्धीत फरक पडत नाही.

महिन्यापूर्वी थोडंसं पडले होते. तेव्हा काहीच झालं नाही. आता सुस्त वाटतात.

डोक्याचा सीटी स्कॅन करा, लवकर. आकसलेल्या मेंदू आणि कवटीमध्ये जागा झालेली असते, तिथल्या शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्यातून झिरपत राहतं आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी दाब जाणवायला लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शंका दुप्पट धरा. छोटं छिद्र पाडून रक्त काढता येतं आणि त्यानंतर कित्येक जण पूर्ववत होतात.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालतात, लघवी आवरत नाही आणि विसरतातही.

ही तीन लक्षणं याच क्रमाने, चालण्यापासून सुरू झाली असतील, तर मेंदूतलं पाणी तुंबण्याचा विकार आहे का हे न्यूरॉलॉजिस्टकडून पाहून घ्या. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढण्याआधी आणि काढल्यावर चालण्याचा व्हिडिओ घेतात. फरक दिसला तर शंटचा, म्हणजे ते पाणी वाहून नेणारी बारीक नळी बसवण्याचा, विचार होतो. चालणं सुधारतं, स्मृती त्यामानाने कमी.

स्कॅनच्या अहवालात 'मेंदू आकसला आहे' असं लिहिलंय.

नव्वदीतल्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ते असतं. त्यावरून एकट्याने काहीच ठरत नाही.

या वयातला मेंदू मृत्यूनंतर तपासला तर सहसा एकच आजार सापडत नाही. अल्झायमरच्या गाठी, बारीक रक्तवाहिन्यांचे छोटे घाव, लेवी पिंड (मेंदूच्या पेशींत साचणारे प्रथिनाचे गोळे), आणि 'लेट' नावाचा विकार अशी सरमिसळ असते. टीडीपी-४३ या प्रथिनामुळे होणाऱ्या या विकाराला नाव मिळालं २०१९ साली, आणि तो ऐंशीपुढे अगदी अल्झायमरसारखा दिसतो. 'नाइन्टी प्लस' अभ्यासात स्मृतिभ्रंश नसलेल्या सुमारे ४० टक्के मेंदूंत अल्झायमरच्या पुरेपूर खुणा होत्या, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या जवळपास निम्म्यांत तो समजावून सांगण्याएवढ्या खुणाच नव्हत्या. खुणा आणि माणूस यांचं नातं या वयात सैल पडतं. म्हणूनच नव्वदीत रक्तातली किंवा स्कॅनवरची अॅमिलॉइडची (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाची) चाचणी होकारार्थी आली तरी 'हेच कारण' म्हणता येत नाही.

यात आशेला खरी जागा आहे. चार-पाच ओझ्यांनी मेंदू वाकलेला असेल, तर त्यातलं एक काढलं तरी तो थोडा सरळ होतो. गाठी काढता येत नाहीत. सर्दीची गोळी, कानातला मळ, घसरलेलं सोडियम काढता येतं.

स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी २१ मिळाले. म्हणजे काय?

आकड्याआधी विचारा: चष्मा होता का, ऐकू आलं का, मातृभाषेत घेतली का, शाळा किती झाली होती? १९७५ पासून वापरात असलेली 'एमएमएसई' आणि २००५ ची 'मोका' या दोन्ही लिहिता-वाचता येण्यावर टेकलेल्या आहेत. 'मोका'त २६ ही रेषा मानतात आणि बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथीपर्यंत शिकलेल्या ९३ वर्षांच्या बाईसाठी तो एक गुण अगदीच तोकडा आहे. एका आकड्यापेक्षा सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे जास्त सांगतात.

अल्झायमरवरची नवी इंजेक्शनं द्यावीत का?

लेकॅनेमॅबच्या चाचणीत ५० ते ९० वयाचे, अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण होते. अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहून कमी. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, वारंवार एमआरआय आणि मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्रावाचा धोका. सरमिसळ आजार असलेल्या, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या नव्वदीतल्या माणसासाठी आम्ही याची शिफारस करत नाही.

जुन्या गोळ्यांचं काय?

डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी १०. या वयात बऱ्याच जणांसाठी पाचच पुरे. आधी नाडी आणि ईसीजी बघा: नाडी मुळात मंद असेल तर चक्कर येऊन पडू शकतात. भूक मरते, वजन उतरतं, म्हणून दर महिन्याला वजन करा. रात्री भयानक स्वप्नं पडली तर गोळी सकाळी द्या. तीन-चार महिन्यांत घरच्यांना काहीच फरक जाणवला नाही, तर थांबवण्याबद्दल बोला.

स्मरणशक्तीची टॉनिकं, गिंको?

नकोत. गिंकोची ७५ पुढच्या ३,०६९ जणांवर मोठी चाचणी झाली, २००८ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश टळला नाही.

नव्वदीत व्यायाम? हाडं मोडतील.

न हलण्याने जास्त मोडतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात शुश्रूषागृहातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त वाढली.

घरी सुरुवात खुर्चीवरून करा. हात असलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवा. पाय जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि मग उठायचं. बहुतेकांना उठता येत नाही, कारण पाठ सरळ ठेवून उठायला बघतात. पाच वेळा, दिवसातून दोनदा. हातांचा आधार हळूहळू कमी करा. बसताना धपकन बसू नका, तीन मोजत बसा. खरी ताकद त्यातच येते. नंतर ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबा. चालणं रोज, थोडं थोडं, पायांत टाच झाकणारी बूटं घालून.

खाण्यापिण्याचं?

या वयात वजन उतरणं हे वाढण्यापेक्षा वाईट. कोलेस्टेरॉलच्या धाकाने दूध, अंडी बंद करू नका. प्रथिनं दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा. तहान मंदावलेली असते, म्हणून न मागता पाणी द्या: सगळी पेयं मिळून बायकांना सुमारे १.६ लिटर, पुरुषांना २ लिटर. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

शब्दकोडी सोडवून फायदा होतो?

शब्दकोड्यात हात बसतो. आवडत असेल तर जरूर सोडवा. माणसांशी गप्पा मात्र जास्त काम करतात: त्यात ऐकणं, आठवणं, शब्द शोधणं आणि समोरच्याचा चेहरा वाचणं एकाच वेळी होतं.

नागिणीची लस घेतली तर स्मृतिभ्रंश टळतो, हे खरं का?

वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच लस मिळाली, त्याआधीच्यांना नाही. त्यामुळे जवळजवळ एकाच वयाचे दोन गट आपोआप तयार झाले. लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. नागिणीच्या यातना टाळण्यासाठी लस तशीही घ्यावीच.

गप्प असतात, 'कशाला जगतोय' म्हणतात. हा स्मृतिभ्रंश की नैराश्य?

दोन्ही असू शकतं. नैराश्यातला माणूस 'मला आठवत नाही' म्हणून प्रयत्नच सोडतो. स्मृतिभ्रंशातला बहुधा काहीतरी उत्तर देतो, ते चुकीचं असतं. नैराश्यावर नव्वदीतही उपचार होतात. औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी सोडियम तपासायला विसरू नका. आणि मरणाची भाषा आली की थेट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संध्याकाळ झाली की 'मला घरी जायचंय' म्हणतात. हे घरच आहे असं सांगून थकलो.

सांगू नका. 'घर' म्हणजे बहुधा पत्ता नसतो, सुरक्षित वाटणं असतं. 'घरी कोण कोण आहे?' असं विचारा, थोडं बोलू द्या, मग हात धरून दोन खोल्या फिरून या. दिवे चारलाच लावा, सावल्या पडायच्या आधी. पडद्याची सावली माणसासारखी दिसते, काळोख्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब परकं वाटतं. पडदे ओढून घ्या. भूक, लघवी आणि दुखणं बघा. सकाळी तासभर उघड्यावरच्या उजेडात बसवलं की रात्रीची झोपही सुधारते.

यासाठी दिली जाणारी रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारखी औषधं स्मृतिभ्रंशात मृत्यूचा धोका साधारण दीडपटीहून जास्त वाढवतात. अमेरिकेत २००५ पासून त्यांवर तसा ठळक इशारा आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची भीती असेल तेव्हाच, लहानात लहान डोस, आणि दर काही आठवड्यांनी थांबवता येतंय का याची तपासणी.

शेवटच्या टप्प्यात खाणं बंद झालं. नाकातून नळी घालावी का?

वाढलेल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं किंवा अन्न फुप्फुसात जाणं थांबतं, असं दिसून आलेलं नाही. हात बांधावे लागतात, अंगावर जखमा होतात. हाताने भरवणंच चांगलं. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. अर्धा चमचा, चव ओळखीची. गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसल्याशिवाय पुढचा घास नको. घास गालात राहिला असेल तर रिकामा चमचा ओठांना लावा, पुष्कळदा त्यानेच गिळतात. ठसका लागला की त्या वेळचं जेवण थांबवा. भरवून झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवा आणि तोंड ओल्या कापडाने पुसा. कधी चारच चमचे जातील. तेवढेच द्या, जबरदस्ती करू नका, आणि ओठ कोरडे पडू देऊ नका.